विजेच्या बसचा जमाखर्च

आपल्या संघाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते ज्वारी, गहू, तांदूळ व कडधान्यांच्या पोत्यांत. आमचा संकोच पाहून चिटणीस म्हणाले, "अण्णा, व्यापाऱ्याने व्यापाऱ्याच्या दृष्टीने लिहावे, एवढेच." त्या धीरावर हा लेख लिहीत आहोत. विषय मात्र धान्याचा नाही, बसचा आहे.

त्यास कारण घडले ते असे. आमचे घर मच्छे येथे आणि पेढी बेळगावच्या रविवार पेठेत. पेढीवर धान्य निवडण्यास येणाऱ्या बायकांपैकी काही मच्छे व पिरनवाडीहून येतात. त्यांतील एक बाई एकोणीस वर्षे आमच्याकडे होत्या. हरभऱ्यातील खडा त्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही. गेल्या हंगामात त्यांनी काम सोडले. आम्ही घरी जाऊन कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "सावकार, तिकीट फुकट झालं ते बरं झालं. पर पाय ठेवाय जागा नको काय? अंधार पडल्यावर लोंबकळत यायचं वय ऱ्हायलं नाही आता."

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली महिलांना साध्या बसमध्ये विनाशुल्क प्रवास मिळू लागला. प्रवास करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, हे चांगलेच झाले; त्याबरोबर गर्दीही वाढली. तथापि या प्रकरणी दोष प्रथम आमचाच होता. हंगामात माल उतरत असता आम्ही बायकांना साडेसात वाजेपर्यंत थांबवीत असू, आणि बरी जागा मिळणारी बस त्यापूर्वीच निघून गेलेली असे. आता आमच्या पेढीवर साडेपाचला सुटी होते. परंतु घड्याळ मागे घेतल्याने बसची संख्या वाढत नाही. आमचा नातू अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. तो म्हणाला, "आजोबा, विजेच्या बस येऊ द्या, सगळे प्रश्न सुटतील." हिशेब मांडल्याशिवाय मान डोलवावयाची नाही, हा आमच्या वडिलांचा नियम होता. म्हणून आम्ही वही घेऊन बसलो.

पूर्वपीठिका

विजेवर चालणारे सार्वजनिक वाहन ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर तारेवरून वीज घेणारी ट्रॉलीबसही सुरू झाली होती. ती १९७१ च्या मार्चमध्ये बंद पडली. या वाहनांना तार सोडून जाता येत नसे. आजच्या बसमध्ये बॅटरी आली आणि तारेचे बंधन सुटले, इतकाच मुख्य फरक.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्या वेळी आपला बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातच होता. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर 'शिवाई' ही एस.टी.ची पहिली विजेची बस निघाली. पुणे शहरात तर ९ फेब्रुवारी २०१९ पासूनच अशा बस धावू लागल्या होत्या. कर्नाटकात जानेवारी २०२३ मध्ये बेंगळुरू-म्हैसूर मार्गावर विजेची बस सुरू झाली. चीनमधील शेनझेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या. तेव्हा ही गाडी चालते की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. ती आपल्या मच्छे मार्गावर परवडते काय, एवढाच प्रश्न आहे.

नावेची बाजू आणि जमेची बाजू

प्रथम नावेची बाजू. विजेची मोठी बस डिझेलच्या बसच्या दुपटीहून अधिक किमतीस पडते. हा फरक आपण ६० लाख रुपये धरू, आणि व्याज शेकडा ९. पहिल्याच वर्षी व्याजापोटी ५ लाख ४० हजार रुपये जातात. शिवाय बॅटरी म्हणजे साठवणीचे धान्य. कितीही जपा, दरवर्षी थोडी घट धरावीच लागते, आणि आठ-दहा वर्षांनी तिची शक्ती बरीच उतरते.

आता जमा. डिझेलची मोठी बस एका लिटरमध्ये सुमारे ४ किलोमीटर जाते. विजेच्या बसला एका किलोमीटरमागे सुमारे सव्वा युनिटच्या आत वीज लागते, आम्ही १.२ युनिट धरले. डिझेल लिटरला ९० रुपये व वीज युनिटला ८ रुपये धरल्यास, किलोमीटरमागे डिझेलचा खर्च साडेबावीस रुपये आणि विजेचा खर्च सुमारे ९ रुपये ६० पैसे होतो. इंजिनाचे तेल, गाळण्या, क्लच यांचा खर्च वाचतो तो निराळाच. तो आम्ही हिशेबात घेतलेला नाही.

समजा, ही बस दिवसास २०० किलोमीटर याप्रमाणे वर्षात ३०० दिवस धावली. तिचे ६०,००० किलोमीटर होतील आणि सुमारे ७ लाख ७४ हजार रुपये वाचतील. यातून व्याज भरून मुद्दल फेडण्यास जवळजवळ चौदा वर्षे लागतात. अशा बसगाड्यांचे करार साधारणतः बारा वर्षांचे असतात. म्हणजे हा व्यवहार तोट्याचा.

परंतु तीच बस दिवसास २५० किलोमीटर व वर्षात ३३० दिवस धावली, तर ८२,५०० किलोमीटर होऊन वर्षाची बचत १० लाख ६४ हजारांवर जाते, आणि तेच कर्ज व्याजासह सुमारे आठ वर्षांत फिटते. गाडी तीच, वीज तीच. फरक पडला तो केवळ खेपांचा. डिझेलची गाडी उभी राहिली तर निदान तेल वाचते. विजेची गाडी उभी राहिली की तिचे व्याज धावू लागते.

वाचकहो, आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. बेळगावच्या बसस्थानकापासून टिळकवाडी, उद्यमबाग, पिरनवाडी करीत मच्छेपर्यंत जाऊन परत येण्यास वीस किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. अशी एक जादा खेप डिझेलच्या बसला सुमारे ४५० रुपयांचे तेल मागते, तर विजेच्या बसला सुमारे १९२ रुपयांची वीज पुरते. म्हणून डिझेलची बस चालविणाऱ्याला खेप कमी करण्याचा मोह होतो, आणि विजेची बस चालविणाऱ्याचे हित खेप वाढविण्यात असते. ज्या बाईला संध्याकाळच्या बसमध्ये पाय ठेवण्यास जागा हवी, तिचे हित आणि वहीतील हित येथे एकाच बाजूस येतात. व्यापारात असा योग क्वचितच येतो.

मार्गही अनुकूल आहे. अंतर कमी, खेपा पुष्कळ, आणि गाडी रात्री ठरलेल्या आगारातच मुक्कामास येणारी. तेथे रात्री आणि दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी ती चार्ज करता येते. या मार्गावर उद्यमबाग व मच्छे येथील कारखान्यांचे कामगार आहेत, तसेच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत. उताऱ्यांची वाण पडणारा हा मार्ग नव्हे. निपाणीकडे जाणाऱ्या सभासदांस स्तवनिधीचा घाट परिचित आहे. असा घाट उतरताना विजेच्या बसची मोटार उलट काम करून गाडीचा वेग आवरते आणि त्यातून निर्माण झालेली वीज बॅटरीत परत भरते. डिझेलच्या गाडीचा उतारावरील जोर ब्रेक तापविण्यातच वाया जातो.

भाडे कसे ठरते

पूर्वी आपण बैलगाडीवाल्याशी दोन प्रकारे ठरवीत असू: एक पोत्यामागे, दुसरा खेपेमागे. पोत्यामागे ठरविल्यास माल कमी निघाला तर गाडीवान बुडे. खेपेमागे ठरविल्यास आपण. विजेच्या बसचे बहुतेक करार खेपेसारखेच, म्हणजे किलोमीटरच्या दराने होतात. गाडी कंपनीची, चालकही बहुधा कंपनीचाच. महामंडळाने किलोमीटरमागे ठरलेली रक्कम द्यावयाची आणि तिकिटाचे उत्पन्न आपण घ्यावयाचे. गाडी रिकामी गेली तरी रक्कम देणे चुकत नाही.

२०२२ साली बेंगळुरू, दिल्ली, सुरत, हैदराबाद व कोलकाता या पाच शहरांसाठी ५,४५० बसगाड्यांची एकत्र निविदा काढण्यात आली. तीत १२ मीटर लांबीच्या बसचा दर किलोमीटरला ४३ रुपये ४९ पैसे आणि ९ मीटर लांबीच्या बसचा ३९ रुपये २१ पैसे इतका खाली आला. चार पेढ्यांनी मिळून पूर्ण वॅगन मागविली म्हणजे भाव कसा उतरतो, हे आपणांस सांगावयास नको. पुढे १६ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने 'पी.एम. ई-बस सेवा' या योजनेस मंजुरी दिली. तीत १०,००० बसगाड्यांची तरतूद असून, तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीची शहरे मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवलेली आहेत.

यातील मोठी अडचण मात्र आपल्या ओळखीचीच निघाली. ती म्हणजे उधारी. परिवहन संस्थांकडून पैसे वेळेवर मिळतील की नाही, या भीतीने कंपन्या व बँका मागे सरत. यास्तव ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने ३,४३५ कोटी रुपयांची हमी योजना मंजूर केली. संस्थेने पैसे थकविले तर या निधीतून कंपनीस रक्कम मिळावी आणि मागाहून ती संस्थेकडून वसूल व्हावी, अशी ती व्यवस्था आहे. बाजारात पत नसेल तर चांगला मालही दुकानात पडून राहतो, बसचेही तसेच.

धुराचा हिशेब

विजेची बस धूर सोडत नाही, हे खरे. परंतु ती वीज कोळशावर तयार झाली असेल, तर धूर नाहीसा होत नाही, त्याचे ठिकाण बदलते. रायचूरच्या केंद्रात कोळसा जळतो. काळी व शरावती या नद्यांवरील केंद्रांतून आणि पावगडच्या सौर प्रकल्पातून येणारी वीज मात्र निर्धूर असते. विजेत हा वाटा जसजसा वाढेल, तसतशी तीच बस अधिक निर्मळ होत जाईल. डिझेलच्या जुन्या बसविषयी असे म्हणता येत नाही. शिवाय भर पेठेत माणसांच्या नाकाशी सुटणारा धूर आणि दूरच्या उंच चिमणीतून निघणारा धूर यांत फरक आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोगास कारण ठरणाऱ्या द्रव्यांत केला. आमच्या पेढीचे दोन टेंपो डिझेलवरच चालतात, आणि माल भरताना त्यांचे इंजिन चालू ठेवण्याची खोड आम्ही अलीकडेच मोडली. दुसऱ्याच्या बसकडे बोट दाखविण्यापूर्वी हे सांगणे आम्हांस प्राप्तच होते.

आणखी एक सावधगिरी. ही बस चटकन वेग घेते आणि तिचा आवाज होत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला येथे विजेच्या बसचा भीषण अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. गाडी नवी घेतली म्हणजे हात आपोआप नवा होत नाही.

हायड्रोजनचे काय?

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात स्वदेशी बनावटीची हायड्रोजनवर चालणारी बस दाखविण्यात आली, आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत इंडियन ऑइलच्या अशा दोन बस रस्त्यावर आल्या. या बसमध्ये हायड्रोजन व हवेतील प्राणवायू यांच्या संयोगातून वीज निर्माण होते आणि मागे केवळ पाण्याची वाफ उरते. गोष्ट सुंदर खरी. परंतु पाण्यापासून विजेच्या साहाय्याने एक किलो हायड्रोजन मिळविण्यास पन्नासहून अधिक युनिटे लागतात, आणि तेवढ्यावर बस दहा-बारा किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरमागे वीज चौपट लागली. लांबच्या प्रवासास वा लेहसारख्या अतिथंड, उंच प्रदेशात तिचा उपयोग होईल. वीस किलोमीटरच्या मच्छे खेपेसाठी चौपट खर्च करणे शहाणपणाचे नव्हे.

आपण काय करावे

आमची सूचना साधी आहे. संघाने अधिकाऱ्यांकडे निवेदन द्यावे, पण केवळ 'विजेच्या बस द्या' असे म्हणू नये. ज्या मार्गावर विजेची बस येईल तेथे दिवसास निदान २५० किलोमीटर धाव व्हावी आणि वाढीव खेपा सकाळी कामाच्या व संध्याकाळी परतीच्या वेळी असाव्यात, हे त्यात स्पष्ट लिहावे. मोजक्या बस आणून त्या कमी खेपांवर चालविल्या, तर चार वर्षांनी हिशेब तोट्याचा निघेल आणि दोष विजेवर ठेवला जाईल. निवेदनासोबत आकडेही हवेत. प्रत्येक सभासदाने आपल्या पेढीवर व कारखान्यात बसने येणारे किती, ते कोणत्या गावाहून येतात आणि किती वाजता सुटतात, याची एका आठवड्याची नोंद मुनीमजींकडून करवून घ्यावी. आमच्या पेढीची नोंद तयार आहे. बाविसांपैकी तेरा माणसे बसने येतात. हा आकडा आम्हांस पूर्वी ठाऊक नव्हता, याची आम्हांस लाज वाटली.

त्या बाई अद्याप कामावर परतलेल्या नाहीत. त्यांचे सूप आमच्या पेढीत खुंटीवर आहे आणि त्यास दुसऱ्या कोणी हात लावू नये, असे आम्ही सांगून ठेवले आहे. निवेदन द्यावयास जाताना संघाने आम्हांस बोलवावे. हिशेबाची वही घेऊन आम्ही बसनेच येऊ.