कऱ्हेच्या पाण्याची राखण

पुरंदरच्या डोंगरांत गराड्याच्या बाजूस उगम पावून सासवडच्या संगमेश्वराला स्पर्श करणारी, जेजुरीजवळ नाझऱ्याच्या जलाशयात काही काळ विसावणारी आणि तेथून पुढे मोरगाव व बारामती ही गावे काठावर घेत सोनगावापाशी नीरेस मिळणारी कऱ्हा नदी नकाशावर जितकी ठळक दिसते तितकी प्रत्यक्ष पात्रात दिसत नाही. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव देऊन तिची कीर्ती महाराष्ट्रभर नेली. परंतु मोरगावी मयूरेश्वराच्या दर्शनास येणारा यात्रेकरू उन्हाळ्यात पात्राकडे पाहील तर त्यास वाळू, दोन-चार डबकी आणि वेड्या बाभळीची दाटी याखेरीज फारसे काही आढळणार नाही. सुपे परगण्याचा हा सारा मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस, आणि त्यातलाही मोठा हिस्सा उत्तरा-हस्ताच्या भरवशावर.

नदी अशी हंगामी असली म्हणजे तिच्या शुद्धतेचा प्रश्न बारमाही नदीपेक्षा वेगळा होऊन बसतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ध्यानात घेतली जात नाही असे मला वाटते. बारमाही नदीत पडलेली घाण निदान वाहत्या पाण्यात विरळ होत जाते. कऱ्हेच्या पात्रात मात्र आठ-आठ महिने विरळ करणारे पाणीच नसते. तेवढ्या काळात रस्त्यावर, उकिरड्यावर, गोठ्यापुढे, बाजारतळावर आणि शेताच्या बांधावर जे जे साचते ते सर्व मृगाच्या पहिल्या दणक्याची वाट पाहत तेथेच पडून राहते, आणि तो पाऊस आला की वर्षभराचा मळ एकदम ओढ्यात उतरतो. गावाबाहेरील एखाद्या मोरीपाशी त्या पहिल्या सरीनंतर अर्धा तास उभे राहून पाहावे. आरंभी येणारे पाणी काळपट असते व त्यावर डांबरी रस्त्यावरून धुऊन आलेल्या तेलाचा सप्तरंगी तवंग तरंगत असतो. मागोमाग शेणाचा पिवळसर फेस, चहाचे कागदी पेले, गुटख्याच्या पुड्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेली दूर्वा व हार, खताच्या रिकाम्या गोणीचा तुकडा. आणि मग बऱ्याच वेळाने तांबूस-तपकिरी माती. पाहणारा त्या मातीकडे पाहून पूर आला म्हणतो. परंतु खरा अपाय करणारे पाणी त्याच्या आधीच निघून गेलेले असते.

त्या मातीलाही निरुपद्रवी समजण्याचे कारण नाही. शेतात घातलेल्या खतांतील स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि माती जेथे जाते तेथे तो जातो. नत्राचा मोठा अंश मात्र नायट्रेटच्या रूपाने पाण्यात विरघळून जमिनीत झिरपतो व विहिरींत उतरतो. बारामती-इंदापूरच्या भूमीत 1885 साली नीरेचा डावा कालवा आला, माळरानाचे बागाईत झाले, उसाने समृद्धी आणली, आणि तिच्याच जोडीने कालव्याच्या पाण्याचा अतिरेक होऊन पुष्कळ जमिनी चोपण झाल्या, त्यांत मीठ फुटले, निचऱ्यासाठी चर खोदावे लागले. हीच नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूर येथे भीमेस मिळते, आणि त्या संगमाच्या वर भीमेवर 1980 साली पूर्ण झालेले उजनी धरण आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी आणि सभोवारच्या शेतांतून वाहून आलेली खते पोटात घेऊन उजनीचे पाणी कित्येकदा हिरवे पडते. जलपर्णी माजते, शेवाळ मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू घटतो व माशांचा जीव गुदमरतो.

विहिरीतील नायट्रेट मात्र असे डोळ्यांना दिसत नाही. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकांनी पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम ठरविली आहे, आणि ती ओलांडलेले पाणी तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण करते. गावोगावचे जलसुरक्षक टाकीत वा विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तिने रोगजंतू मरतात. नायट्रेट व कीटकनाशके यांवर तिचा काही इलाज चालत नाही. पाणी उकळले तर नायट्रेट कमी होण्याऐवजी किंचित दाटच होते. तात्पर्य, एकदा पाण्यात शिरलेला हा दोष पुन्हा बाहेर काढणे सामान्य ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले नाही. तो शिरण्यापूर्वीच, म्हणजे माळावर, बांधावर आणि गल्लीतच अडविला पाहिजे.

या दिशेने जाणारा एक थोर प्रयत्न मोरगावाच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातच झाला. 1972 च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी 1974 साली नायगाव येथे देवस्थानची 40 एकर उजाड जमीन खंडाने घेतली, उतारास आडवे समपातळी बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव व त्याखाली विहीर खोदली, आणि त्या पाण्याच्या बळावर खडकाळ रानात धान्य पिकवून दाखविले. त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम आजही विचार करावा असे आहेत: पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे तर घरातील माणसांवर वाटायचे, दर माणशी अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क, आणि ऊस वर्ज्य. या प्रयोगाचा हेतू पाण्याचे प्रमाण वाढविणे हा होता, त्याची शुद्धता नव्हे; परंतु समपातळी बांधाने धावते पाणी चालू लागले की त्यातील माती बांधातच बसते, मातीला चिकटलेला स्फुरद तिच्यासह तेथेच राहतो, आणि ज्या पिकास खत व पाणी बेसुमार लागते तेच पाणी पंचायतीने वगळले असल्यामुळे विहिरीत उतरणारे नत्रही आपोआप कमी होते. पाणी मोजून वापरणारा समाज ते घाणही कमी करतो, हा साळुंखे यांच्या कार्याचा अर्थ माझ्या दृष्टीने पाण्याच्या वाटपाइतकाच मोलाचा आहे.

दुसरा धडा माणसाने न केलेल्या रचनेचा आहे. सुप्याजवळ चिंकारा हरणांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे पाच चौरस किलोमीटरांचे. तेथे पाहण्यासारखे अरण्य नाही म्हणून पुष्कळजण निराश होतात. पण पवन्या-मारवेलीसारख्या गवतांनी धरलेला असा माळ म्हणजे पाण्याची नैसर्गिक गाळणीच होय. अशाच गाळणीसाठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने 2015 साली कायदा करून सार्वजनिक नद्या-तळ्यांच्या काठी सरासरी 50 फूट रुंदीचा बारमाही वनस्पतींचा पट्टा राखणे शेतकऱ्यांस बंधनकारक केले. आपल्याकडे ओढ्याची हद्द सातबाऱ्यावर असते आणि नांगर ओढ्याच्या धारेपर्यंत जातो. दोन्ही काठांस दहा-पंधरा फूट हरळी, मारवेल किंवा वाळा राखला तर चाऱ्याची सोय होईल, काठ ढासळणार नाही आणि पाणीही गाळून जाईल; यासाठी सरकारी हुकमाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

मोरगावाचे स्वतःचे असे एक जादा दायित्व आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीची यात्रा ऐन पावसाळ्यात येते, चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते, सहस्रावधी माणसे जमतात, आणि यात्रेचा कचरा जर त्याच दिवशी उचलला गेला नाही तर परतीचा पाऊस तो उचलून नेतो. तो पाऊस काय करू शकतो हे सप्टेंबर 2019 मध्ये दिसले: पुरंदरात एका रात्रीत ढग कोसळले, नाझऱ्यातून प्रचंड विसर्ग झाला, कोरड्या समजल्या गेलेल्या कऱ्हेने बारामतीच्या सखल वस्त्यांत पाणी घातले आणि लोकांना रातोरात हलवावे लागले. अशा पुरापुढे निर्माल्य व सांडपाणी अडविण्यासाठी केलेली कुंडे आणि शोषखड्डे टिकत नाहीत हे खरे. पण असा पूर क्वचित येतो, मृगाची पहिली सर दर वर्षी येते.

आरोग्य खात्यातर्फे वर्षातून दोनदा गावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते व जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीस लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. तो कागद बहुधा दप्तरात पडून राहतो. वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे विचारावे, विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटचा आकडा मागावा, आणि मे महिना संपण्यापूर्वी उकिरडे ओढ्यापासून दूर हलवून मोऱ्या साफ करण्याचा ठराव मांडावा.