डावा डोळा, उजवा डोळा आणि जुना चित्रपट

गेली दोन वर्षे आमच्या घरात एक तक्रार चालू होती. टीव्हीचे चित्र मळकट झाले आहे, असे बाबा म्हणत. रिमोट हातात आला की ते प्रकाश वाढवत, रंग वाढवत. नंतर मी ते गुपचूप खाली आणत असे. टीव्ही बदलायचा की नाही यावर दोन दिवाळ्या गेल्या. मग गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दहा-बारा दिवसांनी आम्ही ‘पथेर पांचाली’ची डागडुजी केलेली नवी आवृत्ती लावली. अपू आणि दुर्गा काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून आगगाडी पाहायला जातात, त्या प्रसंगाला बाबांनी चित्र थांबवायला सांगितले. आधी त्यांनी उजवा डोळा झाकला, मग डावा. “या डोळ्याला तुरे पिवळट दिसतात, त्या डोळ्याला निळसर पांढरे. यातला खरा पांढरा कोणता?”

जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या पाहताना पडणारा नेमका हाच प्रश्न आहे. चित्र चांगले की वाईट, हे आपण डोळ्यांनी ठरवतो. पण डोळा हे काही कोरे, तटस्थ यंत्र नव्हे.

भिंग पिवळे होते तेव्हा

वय वाढते तसे डोळ्यातील नैसर्गिक भिंग हळूहळू पिवळट होत जाते. त्यातून निळा प्रकाश कमी पोहोचतो, एकूण प्रकाशही कमी. मोतीबिंदू वाढला की प्रकाश भिंगातच विखुरतो; त्यामुळे काळा रंग राखाडी वाटतो आणि अंधारातील तपशील पुसले जातात. बदल इतका सावकाश होतो की तो जाणवत नाही. मेंदू रोजच्या रोज हिशेब जुळवून घेतो आणि पिवळट कागदालाही पांढराच म्हणतो. शस्त्रक्रियेत हे भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले की निळा प्रकाश पुन्हा आत येतो आणि काही काळ जग निळसर भासते. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याची बाकी असली, की दोन्हींतला फरक समोरासमोर येतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या एका डोळ्याची अशी शस्त्रक्रिया 1923 मध्ये झाली होती आणि त्यानंतर रंग वेगळे दिसू लागल्याने ते हैराण झाले होते.

यातून पहिला धडा मिळतो. ‘मी थिएटरात पाहिला तेव्हा रंग असे नव्हते’ हे वाक्य पुरावा म्हणून कच्चे आहे. तेव्हाचा डोळा वेगळा होता, प्रिंट वेगळी होती आणि मधल्या काळात स्मरणशक्तीनेही आपला रंग चढवलेला असतो.

दाणा म्हणजे धूळ नव्हे

नव्या मोठ्या टीव्हीवर जुना चित्रपट लावला की पहिली तक्रार असते ती ‘वळवळणाऱ्या दाण्यां’ची. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांचे रासायनिक प्रक्रियेत चांदीच्या कणांत रूपांतर होते आणि त्या कणांनीच कृष्णधवल चित्र बनते. रंगीत फिल्ममध्ये चांदी शेवटी काढून टाकतात, पण तिच्या जागी रंगद्रव्याचे बारीक ढग उरतात. प्रत्येक फ्रेममध्ये कणांची मांडणी निराळी असते आणि सेकंदाला 24 फ्रेम सरकतात, म्हणून ते हलताना दिसतात. धूळ, ओरखडे आणि डाग ही चित्रावर नंतर बसलेली घाण आहे. ती काढायलाच हवी. दाणा मात्र चित्राचे अंगच आहे. भिंतीवरचा गिलावा खरवडून काढला तर भिंतीवरचे चित्रही जाते, तसेच हे.

संगणकाने दाणा पुसताना अडचण अशी होते की, दाणा कोणता आणि त्वचेवरचे रंध्र कोणते हे यंत्राला नीट कळत नाही. मग सुरकुत्या, विरळ केस, खादीची वीण असे सगळेच एकसारखे गुळगुळीत होते आणि माणसे मेणाची वाटू लागतात. 1970 चा ‘पॅटन’ मोठ्या आकाराच्या, मुळातच अत्यंत तपशीलवार फिल्मवर चित्रित झाला होता. 2008 मध्ये आलेल्या त्याच्या ब्लू-रे आवृत्तीत दाणा इतका पुसला गेला की जाणकारांनी टीकेची झोड उठवली आणि 2012 मध्ये सुधारित आवृत्ती काढावी लागली. ‘प्रेडेटर’च्या 2010 च्या आवृत्तीवरही हाच आक्षेप होता. 2024 मध्ये ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’ यांच्या 4के आवृत्त्यांबाबत तो वाद पुन्हा उफाळला. या वेळी रोख संगणकाने तपशील ‘घडवून’ चित्र तीक्ष्ण करण्यावर होता.

दाणा पुसण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण असते. दर फ्रेमला बदलणारा दाणा साठवायला खूप माहिती लागते. ब्लू-रे तबकडीवर चित्रासाठी सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत जागा असते, डीव्हीडीवर 10 मेगाबिटपेक्षाही कमी. इंटरनेटवरून येणाऱ्या एचडी चित्रपटाला सहसा ब्लू-रेपेक्षा बरीच कमी माहिती मिळते. ती अपुरी पडली की आकाशात, धुक्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात चौकोनी ठोकळे दिसतात. हे ठोकळे फिल्मचे नसतात, साठवणुकीचे असतात.

कडेची पांढरी रेघ

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे तीक्ष्णपणा. आपल्या दृष्टिपटलातील पेशी शेजारच्या पेशींना दाबतात, त्यामुळे उजेड आणि काळोख यांच्या सीमेवर फरक प्रत्यक्षाहून ठळक जाणवतो. 19 व्या शतकात अर्न्स्ट माख यांनी याचे वर्णन केले. टीव्हीतील ‘शार्पनेस’ हीच युक्ती बाहेरून करतो. कडेला एक उजळ आणि एक गडद रेघ ओढली की चित्र रेखीव भासते, पण नवा तपशील काहीच येत नाही. उजळ आकाशासमोर उभा माणूस, विजेची तार किंवा झाडाची फांदी पाहा. तिच्याभोवती पांढरी किनार दिसली, तर शार्पनेस खाली आणा. तरीही किनार राहिली, तर ती आवृत्तीतच आहे असे समजावे.

चार पिक्सेल जास्त म्हणजे चित्र चांगले, हेही नेहमी खरे नसते. 6/6 दृष्टीचा डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. 43 इंची टीव्हीची रुंदी सुमारे 95 सेंटिमीटर असते. फुल एचडीत त्यावर आडवे 1920 ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. गणित केले तर पावणेदोन मीटरच्या पलीकडून हे ठिपके सुटे दिसत नाहीत. तेवढ्याच टीव्हीवर 4के चा पुरेपूर फायदा घ्यायचा तर मीटरभराच्या आत बसावे लागेल. आपल्या दिवाणखान्यात सोफा बहुधा अडीच-तीन मीटरवर असतो. त्या अंतरावरून आवृत्तीचा कस लागतो तो ठिपक्यांच्या संख्येवर नव्हे, तर काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा, रंगांचा तोल आणि हालचालीचा सहजपणा यांवर.

जखमा लपवायच्या की दाखवायच्या?

‘पथेर पांचाली’कडे परत येऊ. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. जळके, चिकटलेले तुकडे अमेरिकेतील ऑस्कर अकादमीच्या संग्रहालयाने जपून ठेवले. वीस वर्षांनी इटलीतील बोलोन्या येथील ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत तंत्रज्ञांनी ठिसूळ फिल्मला पुन्हा ओलावा दिला, तुटलेली छिद्रे हाताने दुरुस्त केली आणि फ्रेमगणिक स्कॅन केले. ‘पथेर पांचाली’चा सुमारे 40 टक्के आणि ‘अपराजितो’चा 60 टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हमधून परत मिळाला. ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह मात्र वापरण्याजोगी उरली नव्हती. उरलेला भाग जगातील निरनिराळ्या संग्रहांतील दुय्यम प्रतींवरून घेतला. 2015 मध्ये ही त्रयी पुन्हा पडद्यावर आली.

दुय्यम प्रत म्हणजे छायाप्रतीची छायाप्रत. दर पिढीला थोडा तपशील जातो, कॉन्ट्रास्ट वाढतो. म्हणून या चित्रपटात एखादे दृश्य लख्ख आणि पुढचे किंचित मऊ दिसले, तर तो आवृत्तीचा दोष मानू नये. ती आगीची खूण आहे. सगळेच एकसारखे गुळगुळीत केले असते तर खूण झाकली गेली असती, पण मग छायालेखक सुब्रत मित्र यांनी टिपलेला उजेडही त्याखाली दडला असता.

रंगीत चित्रपटांत निवाडा आणखी कठीण. अनेक जुन्या रंगीत फिल्मवरील निळसर-हिरवे रंगद्रव्य लवकर फिकटते आणि चित्र गुलाबी होते. मग मूळ रंग ठरवायचे कशावरून? चांगल्या प्रकल्पात त्या काळची टिकलेली प्रिंट शोधतात आणि छायालेखक हयात असेल तर त्यालाच समोर बसवतात. ‘मंथन’ची आवृत्ती 2024 मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा त्या कामात त्याचे छायालेखक गोविंद निहलानी सहभागी होते. याउलट 1971 च्या ‘द फ्रेंच कनेक्शन’चे रंग 2009 च्या ब्लू-रेसाठी खुद्द दिग्दर्शकानेच बदलले. छायालेखकाने जाहीर नापसंती व्यक्त केली आणि काही वर्षांनी मूळ रंगांच्या जवळ जाणारी आवृत्ती आली. खुद्द कर्त्यांमध्येही ‘खरा रंग’ कोणता यावर एकमत नसते, हे यातून दिसते.

पाहण्याआधी काय तपासाल?

टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवरून काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणा. सुरुवातीला चित्र पिवळट आणि मंद वाटेल. दहा-पंधरा मिनिटांत डोळा जुळवून घेईल. हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा. खोलीतला उजेड कमी करा, पण पडद्यावर पडणारी खिडकीची चकाकी आधी घालवा. 1950 पूर्वीचा चित्रपट जवळजवळ चौकोनी असायचा. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या. त्या घालवायला चित्र ताणले तर माणसे जाड होतात आणि कापले तर डोकी उडतात. मग चार ठिकाणी बघा: चेहऱ्याची त्वचा, केस, कापडाची वीण आणि अंधारा कोपरा. तिथे जीव असेल, तर आवृत्ती चांगली.

हे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक लोक यापुढे हे चित्रपट घरच्याच पडद्यावर पाहणार आहेत. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ आज पाहायलाच मिळत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. जे उरले आहे, तेही आपण मेणाचे मागू लागलो, तर बाजार मेणाचेच देईल.

आणि शेवटची तपासणी स्वतःची. पन्नाशी ओलांडलेल्यांनी पांढऱ्या दृश्यावर एकेक डोळा झाकून पाहावा. दोन्हींत रंगाचा किंवा स्पष्टतेचा फरक जाणवला, दिव्यांभोवती वलये दिसली, अंधारी दृश्ये कळेनाशी झाली, तर टीव्हीला दोष देण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. ही घरगुती चाचणी तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण तिथे जायला उशीर होऊ देत नाही. आम्ही दोन वर्षे उशीर केला. त्या काळात बाबांनी संध्याकाळी स्कूटर चालवणे आपणहून सोडले होते, जिना उतरताना ते कठड्याला धरू लागले होते. आम्ही मात्र रिमोटवरून वाद घालत होतो.

मार्चमध्ये त्यांच्या डाव्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. काशाचे रान पुन्हा लावले. या वेळी त्यांनी डोळा झाकला नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, “दाणे आहेत की रे. असू देत.”