उघड्या गटारावर झाकण कसे येते?

मुलांनो, तुमच्या शाळेच्या वाटेवर एखादे उघडे गटार आहे का? जोराचा पाऊस झाला की रस्ता आणि गटार एकच होऊन जातात. पाणी गुडघ्यापर्यंत चढते. रस्ता कोठे संपतो तेच कळत नाही. लहान भावंडांचा हात घट्ट धरून चालावे लागते. "महापालिका काहीच करत नाही," असे मोठी माणसे म्हणतात. पण कोणी लेखी अर्ज दिला होता का, असे विचारले तर बहुधा सगळे गप्प बसतात.

समजा, तुमच्या मोहल्ल्याने त्या गटारावर झाकणे बसवून घ्यायचे ठरवले. सुरुवात कोठून करावी? आधी ती जागा कोणाची आहे ते पाहावे. याचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि मग अर्ज येथेच अडतो. रस्ता महापालिकेचा असेल, तर खर्च महापालिका करते. काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. त्यांच्यासाठी अर्ज तिकडे करावा लागतो. जुन्या वस्त्यांतील काही गल्ल्या तर खाजगी मालकीच्या असतात. तेथे महापालिका सहसा परस्पर काम काढत नाही. नगर भूमापन कार्यालयात जागेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका मिळते. तिच्यावरून मालक कळतो.

आता अर्ज लिहू. अर्ज, मंजुरी, खर्च, तारीख हे मराठी शब्द तुम्हांला नव्याने शिकवायला नकोत. ते तुमच्या उर्दूतही आहेत! अर्जात "आमच्या भागात फार घाण आहे" एवढेच लिहू नये. त्यावरून नेमके काय करायचे ते अभियंत्याला कळत नाही. "शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत सुमारे 60 मीटर गटार उघडे आहे. रोज मुले येथून जातात," असे लिहावे. खाली रहिवाशांच्या सह्या घ्याव्यात. सोबत एक-दोन फोटो जोडावेत.

अर्ज प्रभाग कार्यालयात द्यावा. मुंबईत त्याला विभाग कार्यालय म्हणतात. आपल्याजवळच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्यावा. ही झाली पोच. ती जपून ठेवावी. एक प्रत नगरसेवकांना द्यावी. 2022 नंतर काही वर्षे राज्यातील अनेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात लोकांना या पोचेचाच आधार होता.

पुढे कनिष्ठ अभियंता जागा पाहायला येतात. गटाराचा उतार कसा आहे, पाणी शेवटी कोठे जाते, हे ते तपासतात. आपल्याला फक्त झाकणे हवी असतात. पण पुढचा नाला तुंबलेला असेल, तर झाकणाखालचे पाणी मागे फिरून घरांत शिरेल. म्हणून ते "नाही" म्हणाले, तर रागावण्याआधी कारण विचारावे. कदाचित आधी नालाच साफ करून घ्यावा लागेल.

काम करण्याजोगे असले, तर खर्चाचा हिशेब तयार होतो. पण पैसे कोठून येणार? महापालिकेचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होऊन 31 मार्चला संपते. त्याआधी आयुक्त पुढील वर्षाचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. बहुतेक महापालिकांत या समितीचे 16 सदस्य असतात. शेवटी सर्वसाधारण सभा अंदाजपत्रकाला मंजुरी देते. म्हणजे मार्चमध्ये जाग येऊन उपयोग नाही. अर्ज दिवाळीच्या आधीच गेलेला बरा. पुण्यात तर 2006 साली नागरिकांनी सुचवलेली छोटी कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू झाली.

मंजुरीनंतर निविदा निघते आणि ठेकेदार ठरतो. मध्येच सारे थंडावले, तर 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने "आमचा अर्ज कोणाच्या टेबलावर आहे?" असे विचारता येते. उत्तर साधारणपणे 30 दिवसांत द्यावे लागते.

याच कायद्याने मंजूर कामाच्या कागदांची नक्कलही मागता येते. तीत गटाराची लांबी लिहिलेली असते. 60 मीटरचे काम 45 मीटरवर थांबले, तर ते लगेच पकडता येते. मात्र टेप घेऊन कोणीतरी मोजायला जायला हवे. एवढे तर आठवीच्या मुलांनाही जमेल.