भाडेकरूला काय विचारावे?

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात भाड्याचे घर शोधत होतो. फोनवर भाडे, अनामत सगळे ठरायचे. नाव सांगितले की पलीकडून उत्तर यायचे, "अहो, ते घर कालच गेलं." शेवटी कोंढव्यात जागा मिळाली. पुढे तिथेच स्वतःचे घर झाले आणि चार वर्षांपूर्वी आणखी एक छोटा फ्लॅट घेतला. आता चावी आमच्या हातात होती.

पहिला भाडेकरू आम्ही "आपलाच माणूस आहे" एवढ्यावर ठेवला. करार नाही, कागद नाही. पाच महिन्यांचे भाडे थकले, विजेचे बिलही थकले. मागायला गेलो की नात्यातले लोक मध्ये पडायचे. तो गेला तेव्हा पैसे बुडालेच, पण दोन घरांचा सलामही बंद झाला.

चूक आमचीही होती. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. घराच्या व्यवहारात कायदाही लेखीच मागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे. नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे धरले जाते. आता ही नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होते.

दुसऱ्या वेळी आम्ही प्रश्न आधीच लिहून काढले आणि येईल त्याला तेच विचारले. नोकरी कुठे? पगार किती, त्याची चिठ्ठी आहे का? घरात किती जण राहणार? आधीचे घर का सोडता? मग आधीच्या घरमालकाला फोन करायचा. जमल्यास त्याच्याही आधीच्या मालकाला करावा, कारण ज्याला भाडेकरू लवकर जायला हवा असतो, तो स्तुतीच करतो. ओळखपत्राची प्रत घ्यावी, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी, अनामतीची पावती न मागता द्यावी.

त्या वेळी एक नर्स आली. नवऱ्यापासून वेगळी, सोबत शाळकरी मुलगी. शेजारी म्हणाले, "एकट्या बाईला कशाला देता?" आम्हाला ते जुने फोन आठवले. तिची उत्तरे चोख होती, आधीच्या दोन्ही मालकांनी भरवशाने सांगितले. करार केला, चावी दिली. तीन वर्षे झाली, भाडे पाच तारखेच्या आत येते.

चौकशी करण्यात संकोच नको. भाडे वेळेवर येईल का, घर नीट राहील का, हे जरूर विचारा. पण ज्या प्रश्नाने आपल्याला कधीतरी दारातून परत पाठवले, तो आपल्या यादीत येऊ देऊ नका.