काटकुळे हातपाय, सुटलेलं पोट आणि पोटातले नऊ महिने

या वेळचा एपिसोड ज्यांनी मेट्रोत किंवा जिममध्ये अर्धवट ऐकला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. ऐकताना आकडे पटकन निघून जातात, म्हणून इथे सावकाश लिहिलेत.

विषय असा: आपल्याला पुढे डायबेटिस होणार का, हार्टचा त्रास होणार का, हे थोडंफार आपण जन्मायच्या आधीच ठरायला लागतं. 'थोडंफार' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२००४ मध्ये 'द लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. तक्त्यानुसार दोघंही फिट. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दोघांची आडनावं इंग्रजीत 'वाय'ने सुरू होतात, म्हणून याला नाव पडलं 'वाय-वाय पॅराडॉक्स'.

कुठल्याही आयटी पार्कच्या कॅन्टीनमध्ये नजर फिरवा, हा पॅराडॉक्स ताट घेऊन रांगेत उभा दिसेल. हातपाय काटकुळे, पोट पुढे. मीही त्यातलाच. वय २८, वजन ६४ किलो, आणि कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीए१सी आली ५.९, म्हणजे प्रीडायबेटिस. घरचे म्हणाले, "बसून काम, बाहेरचं खाणं, दुसरं काय?" ते आहेच. पण माझ्याच टीममधला तेच खाणारा, तेवढाच बसणारा पंजाबी मित्र नॉर्मल कसा? हा प्रश्न डोक्यात ठेवून वाचायला बसलो, आणि पुण्याजवळच्या सहा गावांपाशी येऊन थांबलो.

१९९३ मध्ये याज्ञिकांच्या टीमने इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर या गावांत काम सुरू केलं. तिथल्या बायकांची नोंद त्यांनी गरोदर राहण्याच्या आधीपासून ठेवली. काय खातात, किती काम करतात, रक्तात काय आहे, सगळं. मग बाळं जन्मली तेव्हा त्यांची मापं घेतली. सरासरी वजन साधारण २.७ किलो. साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळ लहान म्हणजे सगळंच त्या प्रमाणात लहान असेल, असं आपल्याला वाटतं. डोकं, दंड, पोटाचा घेर लहान होतेच. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरून चरबी मोजली, तर ती जवळजवळ इंग्रज बाळांइतकी. म्हणजे कमी पडले ते स्नायू आणि आतले अवयव, चरबी मात्र टिकून होती. कॅन्टीनमधला तो आकार जन्माच्या दिवशीच हजर होता.

असं का होतं? पोटातल्या बाळाला पुरेसं मिळालं नाही की ते काटकसर करतं. आधी मेंदूला द्यायचं, बाकीच्यांनी भागवून घ्यायचं. किडनीमधले गाळणीसारखे भाग, म्हणजे नेफ्रॉन, जन्माआधीच बनून संपतात. नंतर एकही नवा बनत नाही. स्नायू कमी म्हणजे पुढे रक्तातली साखर खपवणारी जागाच कमी. माझ्या भाषेत सांगायचं तर कमी रॅम असेल असं धरून सिस्टिम कॉन्फिगर झाली, आणि मग तिच्यावर वडापाव, कोल्ड ड्रिंक आणि नऊ तास खुर्ची असा लोड आला. दुष्काळासाठी तयार झालेलं शरीर दुष्काळातच राहिलं असतं, तर कदाचित भागलंही असतं.

हे गरीब देशातच होतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तोडला. खात्यापित्या घरच्या माणसांचं रेशन दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेलं आणि मे १९४५ मध्ये मुक्तता होईपर्यंत तसंच राहिलं. त्या काळात पोटात असलेल्या मुलांचा पुढे अनेक दशकं अभ्यास झाला. उपासमार शेवटच्या महिन्यांत आली ती बाळं लहान जन्मली. पहिल्या महिन्यांत आली ती जन्मली नॉर्मल वजनाची, पण मोठेपणी त्यांच्यातच हार्टचे आजार जास्त दिसले. वजनकाट्यावर काहीच दिसलं नव्हतं!

२००८ मध्ये यावर एक धागा मिळाला. उपासमारीच्या काळात गर्भ राहिलेल्या माणसांचा डीएनए त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिला. डीएनएची अक्षरं बदलत नाहीत, पण त्यावर छोट्या रासायनिक खुणा असतात, कुठलं जीन किती चालू ठेवायचं ते सांगणाऱ्या. वाढीशी संबंधित एका जीनवरच्या खुणा साठ वर्षांनंतरही कमी होत्या.

पुण्यातल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती थेट आपल्या ताटातली आहे. त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होतं. हे व्हिटॅमिन दूध, अंडी, मासे, मटण यातून मिळतं. भाजी-भाकरीत जवळपास नसतंच. ज्या आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, तिच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. (हे वाचून कुणी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करू नका. बाळाच्या मणक्यासाठी त्या लागतातच. मुद्दा बी-१२ कडेही बघण्याचा आहे.)

हे सगळं मी उत्साहाने घरी सांगत होतो. आई भांडी लावता लावता म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे झालं का रे तुला?"

मी जन्मलो २.३ किलोचा. आई सातव्या महिन्यापर्यंत शेतात जायची, डोक्यावरून पाणी आणायची, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवायची. त्या सहा गावांतही ज्या बायकांवर कामाचा बोजा जास्त होता, त्यांची बाळं लहान होती. आणि ज्या हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खायच्या, त्यांची मोठी. नळ घरात आहे की अर्ध्या मैलावर, आणि जेवायला आधी कोण बसतं, हे माझी आई ठरवत नव्हती. मी तिला तेच सांगितलं. या विषयावरचे बरेच व्हिडिओ 'आईने हे करावं, आईने ते टाळावं' एवढ्यावरच थांबतात, ते मला पटत नाही. गर्भसंस्काराच्या सीडीचं नंतर बघू, आधी सुनेला गरम जेवायला वाढा की!

आता तो 'थोडंफार'. दिल्लीत लहानपणापासून मापं ठेवलेल्या सुमारे १५०० जणांचा अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात तिशीच्या आसपास साखर वाढलेले लोक कोण होते? तान्हेपणी बारीक असलेले आणि नंतर, दोन वर्षांनंतर, बीएमआय भराभर वाढत गेलेले. म्हणजे पोटातली गोष्ट अर्धीच, उरलेली नंतर घडते. बारीक मुलाला 'जरा अंग धरू दे' म्हणून बिस्किटं आणि गोड दूध भरवणारी आजी प्रेमानेच भरवते, पण त्यातून वाढते ती चरबी. आणि माझ्यासारख्या मोठ्यांना स्नायू अजूनही कमावता येतात. डॉक्टरांनी मला डाएटच्या आधी वजनं उचलायला लावलीत.

मग सुरुवात कधी करायची? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. सगळ्यांचा मिळून बाळाच्या वजनात खास फरक पडला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. शिवाय गरोदरपणातला डायबेटिस १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आला. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर पौष्टिक लाडू सुरू करायचे, तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणूनच त्या सहा गावांतली बाळं किशोरवयात आली तेव्हा, २०१२ मध्ये, मुलगे आणि मुली दोघांनाही बी-१२ द्यायचा प्रयोग सुरू झाला. त्यांची लग्नं, मुलं व्हायच्या कितीतरी आधी.

माझी धाकटी बहीण चोवीस वर्षांची आहे, एमपीएससीचा अभ्यास करते आणि दिवस चहा-पोह्यांवर काढते. लग्नाचा विचारही नाही. तिची बी-१२ आणि हिमोग्लोबिनची टेस्ट गेल्या आठवड्यात करून घेतली. दोन्ही कमी आले, औषधं सुरू आहेत. आई म्हणाली, हिचं अजून काय ठरलंय, एवढी घाई कशाला? तिला मुंबईच्या खाऊची गोष्ट सांगितली. आता बहिणीच्या डब्यात रोज एक अंडं असतं.

तुमचं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड घरात कुठेतरी असेल. त्यावर जन्माचं वजन लिहिलेलं असतं. सापडलं तर कमेंटमध्ये टाका.