सेवानिवृत्तीनंतरचं गणित : आधीच्या पिढीची रीत आपल्याला चालेल का?



शाळेतला निरोप समारंभ आठवा. शाल, श्रीफळ, भाषणं, डोळ्यांत पाणी. पुढच्या काही महिन्यांत सर भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मुलाच्या फ्लॅटला देतात, उरलेले मुलीच्या लग्नाला. त्यांना ते जमलं, कारण शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता त्यांना दरमहा मिळत होता. आपण तीच रीत पुढे चालवली तर मात्र गणित चुकेल. का ते पाहू.

१) आयुष्य वाढले

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे लोक १० कोटींहून अधिक होते. आज हा आकडा त्याहून बराच मोठा आहे. साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी १८ वर्षे जगतो. सरासरी म्हणजे बरेच जण ८५-९० पर्यंतही जाणार. ही आनंदाचीच गोष्ट, पण पगार नसलेली २५-३० वर्षे काढायची आहेत हे विसरू नका.

२) पेन्शनचे स्वरूप बदलले

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांसाठी अंशदान पद्धत आली. आपल्या पगारातून १० टक्के कपात होते, शासन आपला हिस्सा घालते आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. अलीकडे हमीच्या पेन्शनचे पर्यायही पुढे आलेत. ऐकीव माहितीवर न जाता शासन निर्णय स्वतः वाचूनच पर्याय निवडा. खासगी नोकरी, शेती किंवा धंदा करणाऱ्या पालकांना तर स्वतःच सोय करावी लागते.

३) जगातल्या घडामोडी घरात येतात

२०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि आपल्याकडे सूर्यफूल तेलाचा डबा महागला. कारण खाद्यतेल आणि कच्चे तेल आपण मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. रुपया घसरला की तेच तेल आणखी महाग पडते.

व्याजदरही एका जागी राहत नाहीत. २००० पूर्वी पीपीएफवर १२ टक्के व्याज मिळायचं, एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्के झालं. "एफडीच्या व्याजावर घर चालेल" हा जुना हिशेब आता जपूनच मांडावा लागतो.

४) आता आकडेमोड करू

आठवीत आपण चक्रवाढ व्याज शिकवतो. तोच नियम महागाईला लावा. ७२ ला महागाईच्या दराने भागा, खर्च किती वर्षांत दुप्पट होतो ते कळते. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षे.

- वय ६० : घरखर्च दरमहा ३०,००० रुपये
- वय ७२ : ६०,००० रुपये
- वय ८४ : १,२०,००० रुपये

हेच उलट बघा. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर जास्तीत जास्त ५,००० रुपये हमीची पेन्शन मिळते. आज ३६ वर्षांच्या पालकाला ती २४ वर्षांनी मिळेल. तेव्हाच्या ५,००० ची किंमत आजच्या १,२५० रुपयांइतकी असेल. योजना वाईट नाही, पण ती एकटी पुरणार नाही.

५) मग काय करायचं?

- मुलाच्या शिक्षणाला कर्ज मिळते, म्हातारपणाच्या खर्चाला सहसा मिळत नाही. म्हणून निवृत्तीचा निधी वेगळाच ठेवा.
- सगळे पैसे एकाच ठिकाणी नकोत. थोडे सुरक्षित योजनेत, थोडे महागाईच्या पुढे वाढू शकतील अशा ठिकाणी. तिथे चढउतार होतात, म्हणून लवकर सुरुवात करा.
- ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि आपण ठेवतो त्या दिवशीचा दर पाच वर्षे कायम राहतो.
- आरोग्य विमा तब्येत चांगली असतानाच घ्या. घरात सत्तरीपुढचे आईवडील असतील तर आयुष्मान कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.
- प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव आहे ना, हे आजच तपासा.

आणि हो, मुलांशी याबद्दल मोकळेपणाने बोला. "तुझ्या फ्लॅटला आम्ही एवढेच देऊ शकतो" हे सांगताना जीभ अडखळते, मान्य आहे. पण आज हे सांगितलं, तर उद्या औषधांच्या पैशांसाठी त्याच मुलापुढे हात पसरावा लागणार नाही. वर्गात आपण कितीतरी मुलांची गणितं सोडवून घेतली. आता एका रविवारी वही-पेन घेऊन हे आपलं गणितही सोडवायला बसा.