गाढवाच्या सहवासातला उपचार
स्पेनमध्ये दोन्यानाच्या अरण्याजवळ ‘एल बुरितो फेलिस’ या संस्थेने २०२० साली, कोरोनाच्या काळात, थकलेल्या डॉक्टर-परिचारिकांना गाढवांसोबत वेळ घालवायला बोलावलं. घोडा बिचकला की उधळतो. गाढव बहुधा थबकतं, अंदाज घेतं. त्यालाच आपण हट्टी, मठ्ठ म्हणत आलो, हा मोठा अन्याय आहे. त्याची ही सावध स्थिरताच इथे कामी येते. माणूस घाईघाईने अंगावर गेला तर ते मागे सरतं; मग चाल, आवाज, श्वास संथ करावाच लागतो. खरारा करायचा, मानेवरून हात फिरवायचा, बरोबरीने चालायचं. बोलण्याची सक्ती नाही. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ स्वेन्डसेन यांनी १९६९ मध्ये स्थापलेली ‘डाँकी सँक्च्युअरी’नेही असे उपक्रम केले आहेत. मात्र कोणी नैराश्यावर औषधोपचार घेत असेल, तर ते यासाठी थांबवू नयेत. आणि कंटाळलेल्या गाढवाला निघून जाण्याची मोकळीक हवीच.